इंग्रजी निबंधावर संगणकाने दिलेले शेरे मुलांच्या हाती थेट द्यावेत का?

खडूफळा (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे दोन तुकड्या मिळून १२४ मुले आहेत. एका निबंधाला सहा मिनिटे धरली, तरी सर्व वह्या एकदा तपासायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो आणि तो शाळा सुटल्यावरच काढावा लागतो. त्यामुळे महिन्यातून एकदाच लेखन तपासून होते. वही परत मिळेपर्यंत आपण काय लिहिले होते हे मूल विसरलेले असते. ते गुण पाहते आणि वही दप्तरात टाकते. मी लाल शाईने दुरुस्त केलेल्या चुका पुढच्या निबंधात जशाच्या तशा पुन्हा समोर येतात.

म्हणून या सत्रात संगणक कक्षात लेखन तपासणारे एक साधन वापरून पाहिले. मुलांनी आधी वहीत लिहिले, मग ते टंकले, आणि साधनाने क्षणात शेरे दिले. मुले कधी नव्हे इतकी रमली होती. तेवढ्यात नववीतील एका मुलीच्या पडद्याजवळ मी थांबलो. ‘माय हाऊस’ या विषयावर तिने लिहिले होते : ‘आफ्टर माय ग्रँडमदर डाय, अवर हाऊस बिकम बिग.’ साधनाने ‘डाय’चे ‘डाइड’ आणि ‘बिकम’चे ‘बिकेम’ केले, ते योग्यच होते. मग ‘बिग’खाली निळी रेघ आली. हा शब्द फार सामान्य आहे, त्याऐवजी ‘स्पेशस’ वापरून पाहा, अशी सूचना होती. मुलीने ती स्वीकारली. आता त्या वाक्याचा अर्थ असा झाला, की आजी वारल्यामुळे घर ऐसपैस झाले.

त्या दिवसापासून मी अडखळलो आहे. बाकीच्या बहुतेक सूचना उपयोगाच्या होत्या, आणि माझ्याकडून त्या मुलांना इतक्या लवकर कधीच मिळाल्या नसत्या. पण मुलाचे वाक्य त्याच्याच हाताने पुसले जाणार असेल, तर वेळ वाचून काय मिळवले? ज्यांनी अशी साधने शिकवताना किंवा शिकताना वापरली आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावेत.


तांबडी शाई

मी ३१ वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. माझे मत स्पष्टच सांगते : शेरे यंत्राकडे सोपवू नयेत. मूल लिहिते तेव्हा ते कोणासाठी तरी लिहीत असते. ‘बाईंना आवडेल का’ हा विचार त्याच्या मनात असतो, आणि त्या विचारापोटीच ते एखादे वाक्य खोडून पुन्हा लिहिते. समोर वाचणारे कोणी नाही, नुसते मोजणारे काहीतरी आहे, हे कळले की लेखनामागची ही ओढच नाहीशी होते. तुमच्या विद्यार्थिनीच्या वाक्याला ‘आजीची खाट कुठे असायची गं?’ एवढे विचारणारे माणूस हवे होते.

बारा तास लागतात हे मला मान्य आहे, मी ते दिले आहेत. परंतु त्यावरचा उपाय तुकडीतील मुलांची संख्या कमी करणे हा आहे, आणि ती मागणी आपण सोडून देता कामा नये.


डोंगरवाट

तांबडी शाई, मागणी रास्त आहे. पण ती मान्य होईपर्यंत आज वर्गात बसलेली मुले दहावी होऊन बाहेर पडतील. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. आमच्याकडे संगणक कक्ष नाही, एक प्रोजेक्टर आहे आणि माझा फोन आहे. तरीही मला हा विषय महत्त्वाचा वाटतो, म्हणून वाचत आहे.


शब्दगणित

मी पुण्यात संगणकीय भाषाविज्ञानाचे काम करतो. ‘बिग’चे ‘स्पेशस’ का झाले, हे समजून घेतले तर अशा सूचनांवर कुठे विश्वास ठेवायचा हे ठरवणे सोपे जाईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

निबंध यंत्राने तपासण्याची कल्पना चॅटजीपीटीसारख्या मोठ्या भाषिक प्रारूपांच्या खूप आधीची आहे. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. ते स्वतः पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत असत आणि शिक्षकावरील तपासणीचे ओझे त्यांनी अनुभवले होते. म्हणजे त्यांचा प्रश्न खडूफळा यांच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. त्या काळी निबंध छिद्रपत्रांवर, म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांवर, उतरवून संगणकाला द्यावे लागत. पेज यांनी एक प्रामाणिक भेद केला होता. लेखनातील खरे गुण, म्हणजे विचारांचा ओघ, शब्दांची नेमकी निवड, यांना त्यांनी ‘ट्रिन’ म्हटले. यंत्राला ते मोजता येत नाहीत. त्यांच्या जागी जे मोजता येते, म्हणजे निबंधाची लांबी, शब्दांची सरासरी लांबी, विरामचिन्हे, त्याला त्यांनी ‘प्रॉक्स’ म्हटले. चांगले लिहिणारे सहसा मोठा शब्दसंग्रह वापरतात, म्हणून दुर्मिळ आणि लांब शब्द हे चांगल्या लेखनाचे चिन्ह मानले गेले. चिन्ह पाहून गुण देणे एक वेळ चालते. पण तेच चिन्ह उलटे फिरवून ‘लांब शब्द घाला, म्हणजे लेखन चांगले होईल’ असा सल्ला दिला, की ‘स्पेशस’ येतो. ताप मोजता येतो म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडवल्याने रोगी बरा होत नाही.

पुढे परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या अमेरिकी संस्थेची ई-रेटर ही प्रणाली १९९९ पासून जीमॅट या व्यवस्थापन-प्रवेश परीक्षेच्या निबंधांसाठी वापरली जाऊ लागली, तेव्हा एक गुण माणसाचा आणि एक यंत्राचा असे, आणि दोहोंत मोठे अंतर पडले तर दुसरा परीक्षक बोलावला जाई. माणसाला बाजूला काढले नव्हते, हे लक्षात घ्यावे. २०१४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाचे लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने ‘बेबल’ नावाचा संगणकीय कार्यक्रम तयार केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांनी भरलेला, व्याकरणशुद्ध आणि पूर्णपणे निरर्थक निबंध रचून देत असे, आणि अशा निबंधांना स्वयंचलित प्रणालींकडून उत्तम गुण मिळत असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर चित्र बदलले, हे खरे आहे. नवी प्रारूपे संदर्भ पाहतात, चूक का झाली हे शब्दांत सांगतात, आणि ‘दुरुस्ती देऊ नकोस, फक्त जागा दाखव’ असे बजावले तर बऱ्याच अंशी ऐकतात. मात्र काहीच न बजावता उतारा दिला, तर ती तो सबंध पुन्हा लिहून देतात, आणि त्या सफाईत लिहिणाऱ्याचा आवाज हरवतो. माझा सल्ला असा, की क्रियापदाची रूपे, अनेकवचने, स्पेलिंग, आर्टिकल एवढ्यापुरते यंत्राचे ऐकावे, आणि शब्द बदलण्याच्या सूचना बंद करता येत असतील तर पहिल्या दिवशीच बंद कराव्यात.


भाषाभान

शब्दगणित यांच्या शेवटच्या सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. क्रियापदाच्या रूपांबाबतही यंत्राचे डोळे मिटून ऐकता येत नाही, कारण आपल्या मुलांच्या चुका कोठून येतात हे त्याला ठाऊक नसते. दोन उदाहरणे देतो.

पहिले. मराठीत आपण म्हणतो, ‘पाऊस आला तर मी जाणार नाही.’ पाऊस अजून यायचा आहे, तरी क्रियापद ‘आला’. मूल हेच इंग्रजीत नेते आणि लिहिते, ‘इफ रेन केम, आय विल नॉट गो.’ साधनाला येथे विसंगती दिसते, पण ती दोन प्रकारे दूर करता येते. ‘केम’चे ‘कम्स’ करता येते, किंवा ‘विल’चे ‘वुड’. दुसरी दुरुस्ती निवडली, तर वाक्य शुद्ध होते आणि अर्थ पालटतो : पाऊस येण्याची शक्यता जणू नाहीच, पण समजा आलाच तर, असे काहीसे. मराठी जाणणारा शिक्षक एका दृष्टिक्षेपात सांगेल की मुलाला ‘कम्स’ हवे होते.

दुसरे उदाहरण अधिक फसवे आहे. ‘तो म्हणाला की मी उद्या येतो’ हे मराठीत रूढ वाक्य आहे आणि त्यातील ‘मी’ म्हणजे बोलणारा ‘तो’च. मूल लिहिते, ‘ही सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो.’ येथे एकही रेघ उमटणार नाही, कारण वाक्य इंग्रजी म्हणून पूर्ण बरोबर आहे. फक्त येणारी व्यक्ती बदलली आहे. इंग्रजी वाचकाला वाटेल की निबंध लिहिणारे मूलच उद्या येणार आहे. पहिल्या ठिकाणी यंत्र चुकीची दुरुस्ती करू शकते, दुसऱ्या ठिकाणी ते गप्प राहते, आणि गप्प राहिले म्हणजे बरोबर आहे असे मूल धरून चालते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत आली पाहिजे. व्याकरणाच्या चुका दाखवून लेखन सुधारते की नाही, याविषयी अभ्यासकांतच मोठा वाद आहे. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये मांडले, की दुसऱ्या भाषेच्या लेखनवर्गात व्याकरणदुरुस्ती सोडून द्यावी, कारण ती निष्फळ तर आहेच, शिवाय हानिकारकही आहे. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर देताना म्हटले, की हा निष्कर्ष घाईचा आहे आणि दुरुस्ती निवडक, अग्रक्रम ठरवून केलेली व स्पष्ट असेल तर तिचा उपयोग होऊ शकतो. दोघेही तेव्हा माणसांनी केलेल्या दुरुस्त्यांविषयीच बोलत होते. म्हणजे प्रश्न यंत्राने जन्माला घातलेला नाही. एका पानावर चाळीस लाल खुणा करणारे आपणही त्यात आहोत. यंत्र तेच काम अधिक वेगाने करते एवढेच.


परदेशी पाऊस

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सातवीत असताना शाळेने निबंधासाठी एक स्वयंचलित साधन दिले होते. ते शेऱ्यांबरोबर सहापैकी गुणही दाखवत असे. पहिल्या आठवड्यात ती शेरे वाचत होती. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आले, की प्रत्येक परिच्छेदात दोन वाक्ये वाढवली की गुण चाराचे पाच होतात, मग ती वाक्ये आधीचीच गोष्ट पुन्हा सांगणारी असली तरी चालते. त्यानंतर तिने शेरे वाचणे सोडले. बाईंच्या ते ध्यानात आल्यावर त्यांनी गुण दिसणे बंद करून घेतले आणि फक्त शेरे ठेवले. खडूफळा, तुमच्या साधनात गुण दिसत असतील तर ते आधी झाका, असे मी आवर्जून सांगेन.


मागचा बाक

तांबडी शाई यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही, म्हणून पहिल्यांदाच या विभागात लिहीत आहे.

राज्यात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मी त्याच्या थोडा आधीचा, आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळाले, कारण पत्र, निबंध आणि संवाद सगळे पाठ होते. अभियांत्रिकीला गेल्यावर प्रयोगवहीतील चार ओळी स्वतःच्या मनाने लिहायची वेळ आली, तेव्हा कळले की मला इंग्रजी लिहिताच येत नाही. वर्गात एकदा माझे वाक्य फळ्यावर लिहून त्यातील चुका सर्वांसमोर विचारण्यात आल्या. ज्यांनी ते केले त्यांचा हेतू वाईट नसावा, पण पुढची दोन वर्षे मी शक्य तेथे मित्राची वही उतरवली.

नोकरीत आल्यावर पहिल्यांदा लेखन तपासणारे साधन हाती आले. मी एक ईमेल लिहायचो आणि पाठवण्यापूर्वी पंधरा-वीस वेळा तपासायचो. ‘डिस्कस अबाऊट’मधील ‘अबाऊट’ नको, हे त्याने मला शंभर वेळा सांगितले असेल. शंभराव्या वेळीही त्याचा स्वर पहिल्या वेळेसारखाच होता, कोणी हसले नाही, कोणी सुस्कारा टाकला नाही. एक दिवस लक्षात आले, की ‘अबाऊट’ आपोआप येईनासा झाला आहे. माणसाच्या मायेने शिकवणारे शिक्षक ज्यांना लाभले, ते भाग्यवान आहेत. ज्यांना लाभले नाहीत त्यांच्यासाठी, जेथे चुकायला भीती वाटत नाही अशी जागा ही फार मोठी गोष्ट आहे. ती मुलांपासून काढून घेऊ नका, अशी विनंती आहे.


तांबडी शाई

मागचा बाक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मीही फळ्यावर मुलांची वाक्ये लिहिली आहेत. नाव लिहीत नसे, पण वर्गात कोणाचे वाक्य कोणते हे मुलांना ओळखता येतेच. तेव्हा मागच्या बाकावर काय घडत असेल याचा विचार मी पुरेसा केला नव्हता. माझ्या पहिल्या प्रतिसादातील ‘सोपवू नयेत’ हे वाक्य मी मागे घेते. वाचणारे माणूस हवे, हा आग्रह मात्र कायम आहे.


बारावी कला

मी विद्यार्थिनी आहे, म्हणून मुलांच्या बाजूने सांगते. सूचनेवर बोट ठेवले की ती लागू होते, आणि सगळ्या सूचना एकदम स्वीकारण्याची सोयही असते. अकरावीत मी वर्षभर तेच केले. पडद्यावरचे लेखन सुंदर दिसायचे. सहामाहीला हाताने अपील आणि मुलाखतीचे प्रश्न लिहायला बसले, तेव्हा त्याच चुका तशाच झाल्या, कारण त्या मी कधी दुरुस्त केल्याच नव्हत्या.

आता मी वेगळे करते. पडद्यावर रेघ आली की सूचना उघडत नाही. वहीतील त्याच वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारते, दोन मिनिटे स्वतः विचार करते, वाक्य पुन्हा लिहिते, आणि मगच सूचना पाहते. निम्म्या वेळा माझे उत्तर बरोबर निघते. उरलेल्या चुका वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहून ठेवते. जूनपासूनच्या यादीत ‘द’ विसरणे सर्वांत जास्त वेळा आहे.


भाषाभान

बारावी कला यांनी दोन परिच्छेदांत जे सांगितले, त्यातच बहुधा खडूफळा यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चुकीची जागा दाखवणे आणि उत्तर देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा कळली की मूल विचार करते. उत्तर मिळाले की ते उतरवते. केंब्रिजचे ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ हे मोफत साधन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे, कारण ते कच्च्या वाक्यांवर गडद-फिकट रंग देऊन विद्यार्थ्याला पुन्हा लिहून पाठवायला लावते.


कचेरी

एक वेगळा मुद्दा मांडतो. मी शासकीय पत्रव्यवहाराचे काम करतो. ‘प्रीपोन’, ‘कझिन ब्रदर’, ‘लाख’, ‘क्रोर’ या शब्दांखाली रेघा येतात आणि नवे सहकारी घाबरून ते काढून टाकतात. मुलांच्या लेखनात तर आपले सारे जगच रेघांखाली येते. माझ्या पुतणीने आजोळच्या जेवणाविषयी लिहिताना ‘भाकरी’ रोमन लिपीत लिहिली, तर तिला ‘बेकरी’ असे सुचवण्यात आले. हे मुलांना कोणी समजावून सांगते का?


शब्दगणित

कचेरी, मुद्दा महत्त्वाचा आहे. लाल रेघेचा अर्थ ‘हा शब्द माझ्या यादीत नाही’ एवढाच असतो, ‘हा शब्द चूक आहे’ असा नसतो. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवे. बहुतेक साधनांत इंग्रजीचा प्रकार निवडता येतो. तेथे ‘इंग्लिश, इंडिया’ निवडावे, आणि भाकरी, ओवी, पोळा, गावांची नावे वैयक्तिक शब्दकोशात भरावीत. ‘प्रीपोन’ तर ऑक्सफर्डच्या कोशातही भारतीय इंग्रजीतील शब्द म्हणून नोंदला आहे.


तांबडी शाई

यात एक भर घालते. ‘भाकरी’ ठेवावी आणि ‘कझिन ब्रदर’ही ठेवावा, परंतु बाहेरच्या वाचकाला तो शब्द कळेल का, हे मुलाला विचारावे. ‘भाकरी, द फ्लॅट ब्रेड माय मदर मेक्स विथ ज्वारी’ असे मूल लिहू लागले, की ते वाचकाचा विचार करू लागले, आणि ‘ज्वारी’ कशी सांगायची हा पुढचा प्रश्न त्याला आपोआप पडतो. यंत्राची चुकीची सूचनाही अशा वेळी चांगल्या धड्याचे निमित्त होऊ शकते, हे मी आता मान्य करते.


नोंदवही

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. मुलांचे निबंध म्हणजे घराची माहिती असते : वडील काय करतात, कोण आजारी आहे, कोण वारले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. अनेक साधनांच्या स्वतःच्या अटींतही वयाची मर्यादा असते, ती वाचावी. मुलांची स्वतंत्र खाती उघडू नयेत. शिक्षकाच्या एका खात्यातून, मुलाचे, शाळेचे व गावाचे नाव काढून मजकूर द्यावा. पालकसभेत हे सांगून लेखी संमती घ्यावी.


खडूफळा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. वरील सूचना एकत्र करून मी सहा आठवडे एका तुकडीत प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त लिहितो.

पालकांची संमती घेतली. शब्द बदलण्याच्या सूचना आणि गुण दोन्ही बंद केले. मुलांनी आठवड्यातून एकदा दहा ओळी वहीत लिहायच्या, एक ओळ सोडून एक. टंकलेला मजकूर माझ्या खात्यातून साधनाला द्यायचा, आणि त्याला बजावायचे, की दुरुस्ती देऊ नकोस, फक्त वाक्याचा क्रमांक आणि चुकीचा प्रकार सांग, आणि तेही जास्तीत जास्त तीन. मुलाला चिठ्ठी मिळते : ‘वाक्य ४, काळ. वाक्य ७, आर्टिकल. वाक्य ९, अनेकवचन.’ मग मूल मोकळ्या ओळीत ते वाक्य पुन्हा लिहिते. माझ्याकडे वही येते ती यानंतर. मी व्याकरणाला हात लावत नाही, मजकुराविषयी एक प्रश्न विचारतो, आणि पुढच्या आठवड्यात मूल त्याचे उत्तर देते.

अडचणी आल्या. तीनच चुका सांग म्हटले तरी साधन कधी सहा सांगते, आणि दोनदा तर बरोबर वाक्यालाच चूक ठरवले. त्यातील एका वेळी मुलानेच पुस्तकातील वाक्य दाखवून वाद घातला, तेव्हा मला फार आनंद झाला. भाषाभान यांनी दिलेली ‘केम’ आणि ‘ही सेड दॅट आय’ ही दोन्ही वाक्ये मी फळ्यावर घेतली, कोणा मुलाची म्हणून नव्हे, तर या धाग्यावरची म्हणून. वर्गातील किमान पंधरा मुलांनी आपापल्या वहीत तशीच वाक्ये शोधून काढली. टंकण्यात बराच वेळ जातो, हा प्रश्न सुटलेला नाही. सहा आठवड्यांत भाषा किती सुधारली हे मी सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. इतके मात्र खरे, की पूर्वी महिन्याला एक लेखन होत असे, आता चार होतात, आणि वही दप्तरात जाण्यापूर्वी उघडली जाते.

त्या मुलीविषयी. तांबडी शाई यांनी सुचवलेला प्रश्न मी तिच्या वहीत मराठीतच लिहिला : ‘आजीची खाट कुठे असायची?’ पुढच्या आठवड्यात तिने ‘स्पेशस’ खोडून पुन्हा ‘बिग’ लिहिले होते आणि खाली तीन ओळी वाढवल्या होत्या. खाट दाराजवळ होती, प्रत्येकाला वळसा घालून आत जावे लागे, असे तिने लिहिले होते. शेवटची ओळ अशी होती : ‘नाऊ वी कॅन गो स्ट्रेट बट आय स्टिल टर्न.’ त्यात स्वल्पविराम राहिला होता. चिठ्ठीतही तेवढेच आले : ‘वाक्य ११, विरामचिन्ह.’ तिने तो घातला.


तांबडी शाई

वाचले. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. आणि शक्य असेल तर, तिची संमती घेऊन, शाळेच्या हस्तलिखितात हा निबंध घ्या.


डोंगरवाट

खडूफळा, आमच्याकडे टंकायला संगणक नाहीत. वहीच्या पानाचा फोटो काढून चालेल का? आणि आठवड्याला ३८ मुलांचे जमेल का?


खडूफळा (धागाकर्ता)

फोटो चालतो, पण अक्षर सुटसुटीत असावे आणि ओळी सोडून लिहिलेल्या असाव्यात. तिरक्या अक्षरात साधन शब्द चुकीचे वाचते आणि मग मुलाने न केलेली चूक त्याच्या नावावर लागते, म्हणून फोटोवरून उतरलेला मजकूर आधी वहीशी ताडून पाहा. वरच्या कोपऱ्यातील नाव फोटोत येऊ देऊ नका, हजेरी क्रमांकाऐवजीही वेगळी खूण वापरा. ३८ मुले एका आठवड्यात घेऊ नका. दहा-दहाचे गट करा, म्हणजे प्रत्येक गटाची पाळी महिन्यातून एकदा येईल. बाकीच्या तीन आठवड्यांत मुले जोडीने एकमेकांच्या वह्या पाहून तशीच चिठ्ठी लिहू शकतील. माझ्या तुकडीत जोडीची चिठ्ठी सुरू करून दोनच आठवडे झाले आहेत. चुकीच्या प्रकारांचा तक्ता मी मराठीत केला आहे, तो शनिवारी येथेच टाकतो.